वाहतं मीठ: हिरकणीवाडीतली टिपणं

मीठ पाझरायला लागलं की आमच्याकडे पावसाळा खरा. रायगडाच्या रोपवेच्या खालच्या स्टेशनापाशी ताक-सरबत विकणाऱ्या एक आजी आहेत. जून लागला की त्या मिठाची बरणी चुलीशेजारी उबेला सरकवतात. तरी जुलैत खडे मीठ ओलं होतंच आणि तळाशी खारं पाणी साठतं. शुद्ध सोडियम क्लोराइड हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांवर गेल्याशिवाय पाझरत नाही. मिठागरातल्या खड्यात मात्र थोडं मॅग्नेशियम क्लोराइड मिसळलेलं असतं, आणि ते 33 टक्क्यांनाच पाणी ओढू लागतं. रायगडाच्या पायथ्याच्या पावसाळी हवेत दोघांचीही सुटका नाही.

शिकवणीला येणारी बारावीची पोरं विचारतात, “सर, हे द्रवरूप मीठ म्हणायचं का?” नाही म्हणायचं. हे पाण्यात विरघळलेलं मीठ. तव्यावर टाकलं की पाणी उडून पुन्हा खडा. मी या वहीत ज्याबद्दल लिहितो आहे ते मीठ पाण्याचा थेंब नसताना वाहतं. सोडियम क्लोराइडला तसं वाहतं करायचं तर 801 अंश सेल्सियस लागतात. पण काही मिठं अशी आहेत की साध्या बाटलीत, साध्या हवेच्या तापमानाला तेलासारखी हलतात. आत एकही अख्खा, विद्युतभार नसलेला रेणू नाही, सगळे धन आणि ऋण आयन. 100 अंशांच्या खाली वितळणाऱ्या मिठाला आयनिक द्रव म्हणायचं असं ठरलं आहे. ती रेघ माणसांनी सोयीसाठी मारलेली, 103 अंशांना वितळणाऱ्या मिठात काही वेगळं घडत नसतं.

*

1914. पॉल वाल्डेन यांनी सेंट पीटर्सबर्गच्या विज्ञान अकादमीच्या पत्रिकेत एक लेख छापला. माणूस आजच्या लाटव्हियातला, कामाची जागा रिगा. त्यांना हवा होता वीजवहन आणि दाटपणा यांचा हिशेब, आणि तो पाण्याच्या लुडबुडीशिवाय मांडता यावा म्हणून ते कमी तापमानाला वितळणारी मिठं शोधत होते. त्यांत एथिलअमोनियम नायट्रेट हे मीठ 12 अंशांना वितळताना सापडलं. पौषातल्या पहाटेही हिरकणीवाडीत ते बहुधा द्रवच राहील.

त्या वर्षी युरोपात महायुद्ध पेटलं. लेखाकडे कित्येक वर्षं कुणी फारसं पाहिलं नाही. 1982 मध्ये अमेरिकी हवाई दलाच्या अकादमीत जॉन विल्क्स बॅटरीसाठी मिठं शोधत होते, तेव्हा इमिडाझोलियमची मिठं पुढे आली. ती हवेतल्या ओलाव्याने बिघडत. 1992 मध्ये विल्क्स आणि झावोरोत्को यांनी ओलाव्यात टिकणारी मिठं केली, आणि मग या विषयाला पूर आला.

*

सवचे गरम पाण्याचे झरे महाडपासून जवळ, सावित्रीच्या काठाला. तिथे नाकाला गंधकाचा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा. धडा शिकवायला याहून सोयीची जागा नाही. पाणी आणि हायड्रोजन सल्फाइड यांची घडण सारखीच, मधे ऑक्सिजनऐवजी गंधक. गंधकवाला रेणू वजनाने जवळपास दुप्पट. वजनाचाच हिशेब असता तर तो उशिरा उकळायला हवा. उकळतो उणे 60 अंशांना. पाणी 100 अंशांना. म्हणून झऱ्यातून वायू उडून नाकाशी येतो आणि पाणी कुंडात राहतं.

फरक पाडतो हायड्रोजन बंध. ऑक्सिजनला चिकटलेल्या हायड्रोजनवर इलेक्ट्रॉनचं पांघरूण तोकडं पडतं, मग तो शेजारच्या रेणूच्या ऑक्सिजनकडे ओढला जातो. हा बंध मोडायला साधारण 20 किलोज्यूल प्रति मोल पुरतात, रेणूच्या आतला ऑक्सिजन-हायड्रोजन बंध मोडायला 460 च्या आसपास. एकेक बंध सेकंदाच्या लाख-कोटीव्या हिश्श्यात तुटतो आणि दुसरीकडे जुळतो. एवढ्या चंचल बंधांवर सगळं पाणी उभं आहे.

आता हाच बंध मिठात नेऊन सोडला तर? तिथे आधीच धन-ऋणाची ओढ आहे, आणि ती आयन-जोड्यांच्या एका मोलला तीनशे किलोज्यूलच्या वर जाते. वीस किलोज्यूलवाल्याला तिथे कोण विचारणार, असं मलाही सुरुवातीला वाटायचं, आणि बऱ्याच रसायनज्ञांनाही वाटत असे. 1980 च्या दशकात तर इमिडाझोलियमच्या मिठात हायड्रोजन बंध असतो की नसतो यावरच वाद झडत होते.

*

एथिलअमोनियम नायट्रेटचं चित्र कागदावर काढून बघण्याजोगं आहे. धन आयनाच्या नायट्रोजनवर तीन हायड्रोजन, म्हणजे देणारे हात तीन. ऋण नायट्रेटवर तीन ऑक्सिजन, म्हणजे घेणारे हात तीन. हिशेब चोख जुळतो आणि बंधांचं त्रिमितीय जाळं तयार होतं, बरंचसं पाण्यासारखं. रोस्टॉकच्या राल्फ लुडविग यांच्या गटाने 2009 च्या सुमारास अवरक्त प्रकाशाने हे जाळं हलताना पाहिलं, आणि ते पाण्याची आठवण करून देतं असं म्हटलं. त्याच्या कितीतरी आधी, 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला, या मिठात साबणासारखे रेणू टाकून पाहिले होते. पाण्यात जसे त्यांचे पुंजके होतात, शेपट्या आत आणि डोकी बाहेर, तसेच पुंजके या पाणी नसलेल्या द्रवातही झाले.

*

या विषयातलं माझं सगळ्यात आवडतं कोडं. सावकाश लिहितो.

इमिडाझोलियम हे पाच कोपऱ्यांचं सपाट कडं. त्यात दोन नायट्रोजन, तीन कार्बन. दोन्ही नायट्रोजनांच्या मधे जो कार्बन येतो त्याला क्रमांक 2. त्याच्यावरचा हायड्रोजन सगळ्यात ‘उघडा’, कारण दोन्ही बाजूंचे नायट्रोजन त्याचे इलेक्ट्रॉन ओढून नेतात. ऋण आयन याच हायड्रोजनला येऊन भिडतो. कार्बनवरचा हायड्रोजन सहसा असले बंध करत नाही, हा करतो.

मग कुणी म्हणालं, हा हायड्रोजन काढा, तिथे मिथाइल गट बसवा. हायड्रोजन बंधाची मुख्य जागाच गेली. द्रव पातळ व्हायला हवा, वितळणबिंदू उतरायला हवा. परीक्षेत कुठलाही हुशार मुलगा हेच लिहील.

झालं उलट. एका नेहमीच्या द्रवाचं उदाहरण घेतो. ब्यूटाइल-मिथाइल-इमिडाझोलियम आणि बिस्ट्रायफ्लिमाइड अशी जोडी, 25 अंशांना दाटपणा पन्नासेक मिलिपास्कल-सेकंद. तुलनेला पाणी: एकाच्याही किंचित खाली. क्रमांक 2 वर मिथाइल बसवलं की तोच दाटपणा जवळपास दुप्पट होतो. वितळणबिंदूही एकंदरीत वर सरकतात. बंध काढला आणि द्रव घट्ट झाला.

लंडनच्या इंपीरियल कॉलेजातल्या पॅट्रिशिया हंट यांनी 2007 मध्ये उत्तर दिलं ते एन्ट्रॉपीच्या बाजूने. हायड्रोजन होता तेव्हा ऋण आयनाला बसायला निरनिराळ्या जागा होत्या, कड्याच्या पुढे, वर, खाली. ब्यूटाइलची शेपटीही मोकळेपणी वळत होती. मिथाइल आलं तशा जागा कमी झाल्या, शेपटीचं वळणं अवघड झालं, अव्यवस्था घटली. अव्यवस्था घटलेला द्रव गोठायला उत्सुकच असतो.

लुडविग यांच्या गटाचं 2008 मधलं म्हणणं वेगळ्या बाजूने येतं. धन-ऋणाची ओढ कुठल्याही दिशेने सारखीच चालते, म्हणून आयन एकमेकांभोवती नीट, सगळीकडून रचून बसू शकतात. हायड्रोजन बंधाला मात्र दिशा लागते, तो सरळ रेषेत, ठरलेल्या कोपऱ्यातूनच होतो. आमच्याकडे शेताच्या कडेला गडगा रचतात, मातीशिवाय, दगडावर दगड. सगळे दगड बसके असले तर गडगा हलत नाही. मधेच एक टोकदार, एकाच बाजूने बसणारा दगड घुसवला की त्या ओळीतले शेजारी दगडही डुगडुगतात. हायड्रोजन बंध हा आयनांच्या रचनेतला तसला दगड. स्वतः पक्का, पण भोवतालचं सैल करणारा.

दोघांत कोण बरोबर? मला हंट यांचा हिशेब अधिक पटतो, कारण शेपटी वळण्याची अडचण आकड्यांत मोजता येते. दोन्ही कारणं एकत्र चालत असतील यालाही कुणाची ना नाही. पण एक गोष्ट दोघांकडूनही निघते आणि ती मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहितो. पाण्यात जो बंध बांधतो, मिठात तोच सोडवतो.

*

पोरांना यावर लगेच वाटतं, मग हायड्रोजन बंध म्हणजे मिठाला पातळ करणारा! तसंही नाही. एथिलअमोनियम नायट्रेट पाण्याच्या तीस-पस्तीस पट दाट आहे, तेही त्या देखण्या जाळ्यापायीच. कोण किती हात पुढे करतो, किती हात घेतले जातात, आणि आयनाचा आकार काय, यावर सगळं. एका वाक्यात नियम हवा असणाऱ्यांनी गणिताला जावं.

*

महाडच्या एमआयडीसीत औषधांची मधली रसायनं करणारे कारखाने पुष्कळ. तिथे शिफ्ट केलेल्या कुणालाही विचारा, ट्रायएथिलअमाइन म्हणजे टीईए. अभिक्रियेत हायड्रोजन क्लोराइड सुटतं, ते पकडायला टीईए टाकतात. पकडल्यावर त्याचं मीठ होतं, टीईए हायड्रोक्लोराइड, आणि ते अडीचशे अंशांच्या पुढेच वितळतं. म्हणजे रिअॅक्टरमध्ये पांढरा लगदा. ढवळणी जड चालते, मोटरचा करंट चढतो, तळाचा व्हॉल्व्ह तुंबतो. मग सेंट्रीफ्यूजला लावा, केक धुवा, धुतलेलं सॉल्व्हेंट परत मिळवा. मी ज्या कारखान्यात होतो तिथे रात्रीच्या शिफ्टला हा लगदा उतरवताना एमडीसीच्या, म्हणजे मिथिलीन डायक्लोराइडच्या, वासाने डोकं भणभणायचं. एमडीसी 40 अंशांना उकळतं, मे महिन्यात शेडमधलं तापमान तिथे पोचायला कितीसा वेळ?

जर्मनीत बीएएसएफने 2002 च्या सुमारास हीच अडचण वेगळ्या तऱ्हेने सोडवली. टीईएच्या जागी मिथाइलइमिडाझोल. त्याने हायड्रोजन क्लोराइड पकडलं की होणारं मीठ 75 अंशांना वितळतं. अभिक्रिया त्याहून गरम चालते, म्हणून लगद्याऐवजी खाली एक वेगळा द्रव साठतो, वर माल तरंगतो. तेल आणि पाणी वेगळं काढावं तसं काढून घ्यायचं. गाळणी नाही, सेंट्रीफ्यूज नाही. उत्पादन 50 टक्क्यांवरून 98 वर गेलं, आणि अंगठ्याएवढ्या रिअॅक्टरमधून पूर्वीच्या मोठ्या रिअॅक्टरचं काम निघू लागलं. जागेच्या आणि वेळेच्या हिशेबात ही वाढ 80,000 पटीची सांगितली जाते. प्रक्रियेला नाव दिलं बेसिल.

इथे हायड्रोजन बंधाचं सगळं श्रेय काढून घेऊ नये आणि सगळं देऊही नये. टीईएच्या मिठातही नायट्रोजनवरचा हायड्रोजन क्लोराइडला धरतो, इमिडाझोलच्या मिठातही धरतो. पण इमिडाझोलमध्ये भार सगळ्या कड्यावर पसरतो आणि आयन सपाट, वाकडातिकडा, त्यामुळे स्फटिकात नीट बसत नाही. बंध सारखा, शेजार वेगळा, 75 आणि 250 चा फरक.

*

युरिया आणि कोंबडीचं खाद्य.

कोलीन क्लोराइड हे पोल्ट्रीवाल्यांच्या ओळखीचं. ब्रॉयलरच्या खाद्यात घालतात, मक्याच्या कणसाच्या भुशावर शोषवलेली पूड येते, साधारण 60 टक्क्यांची. आपल्याला लागतं ते भुशाशिवायचं, प्रयोगशाळेतलं. दुसरा पदार्थ युरिया, तो तर सेवा सोसायटीच्या गोदामात.

कोलीन क्लोराइड 302 अंशांना वितळतं. युरिया 133 अंशांना. 14 ग्रॅम कोलीन क्लोराइड आणि 12 ग्रॅम युरिया, म्हणजे रेणूंच्या हिशेबाने एकास दोन, काचेच्या चंचुपात्रात घालून 80 अंशांच्या पाण्यात ठेवायचं आणि काचकांडीने ढवळत राहायचं. आधी काही होत नाही. दोन पांढऱ्या पुडी नुसत्या एकमेकींत फिरतात. मग कडेला एक ओलसर पट्टी दिसते. नंतर सगळं मिश्रण खिरीसारखं होतं, आणि बघता बघता स्वच्छ, बिनरंगी द्रव. बाहेर काढून गार केला तरी द्रवच. पाणी टाकलेलं नाही. पोरं पात्र तिरकं करून पुन्हा पुन्हा बघतात. शेतातला युरिया घेतला तर वर पिवळट तेलाचा तवंग येतो, कारण 2015 पासून शेतीचा युरिया कडुनिंबाचं तेल लावून येतो. वासावरूनच कळतं.

लेस्टरच्या अँड्र्यू अॅबट यांनी 2003 मध्ये हे मिश्रण छापलं तेव्हा त्याचा गोठणबिंदू 12 अंश नोंदवला. 302 आणि 133 यांच्या मिसळीतून 12. कारण असं. युरियाच्या स्फटिकात रेणू एकमेकांना हायड्रोजन बंधांनी गच्च धरून असतात. क्लोराइड आयन त्यांच्यात शिरतो आणि युरियाच्या हायड्रोजनांना स्वतःकडे वळवतो. युरियाची आपापसातली धरपकड सुटते. तिकडे क्लोराइडचंही कोलीनशी असलेलं घट्ट नातं युरियामुळे ढिलं पडतं. दोघांचाही स्फटिक होऊ शकत नाही. काटेकोर बोलायचं तर हा आयनिक द्रव नव्हे, यात युरियासारखा भार नसलेला पदार्थ रेणूंच्या हिशेबाने अर्ध्याहून जास्त आहे, म्हणून याला वेगळं नाव दिलं: डीप युटेक्टिक सॉल्व्हेंट. जवळचा भाऊबंद म्हणावा.

उन्हाळ्यात हा द्रव काकवीइतका घट्ट. पावसाळ्यात झाकण उघडं ठेवलं तर आठवड्यात पातळ होतो, कारण हवेतलं पाणी येऊन क्लोराइडचा ताबा घेतं. बाटलीवर मिश्रणाची तारीख लिहून काही उपयोग नाही, उघडल्याची तारीख लिहावी.

*

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे आपल्या एनसीएलमध्ये, श्रद्धा तिवारी आणि अनिल कुमार यांनी 2006 मध्ये एक निष्कर्ष छापला, तो त्या वेळच्या वाऱ्याच्या उलट होता. आयनिक द्रव म्हणजे सगळ्या अभिक्रियांचा वेग वाढवणारं जादूचं पाणी, असा तेव्हा बोलबाला. डील्स-आल्डर ही कार्बनचं सहा कोपऱ्यांचं कडं बनवणारी जुनी अभिक्रिया. 1980 मध्ये ब्रेस्लो यांनी दाखवलं होतं की ती साध्या पाण्यात शेकडो पट वेगाने होते. तिवारी आणि कुमार यांनी मोजून सांगितलं: नेहमीच्या तापमानाला ती आयनिक द्रवांपेक्षा पाण्यातच जलद होते.

आयनिक द्रवाचा उघडा हायड्रोजन अभिक्रियेला हात देतो, यात खोटं नाही. पण द्रव इतका दाट की दोन रेणूंना एकमेकांपर्यंत पोचायलाच वेळ लागतो. एका हाताने दिलं, दुसऱ्याने काढून घेतलं. पाण्यात हायड्रोजन बंधाचा आधार आहे, तेलकट रेणूंना एकत्र ढकलणारा परिणाम आहे, आणि दाटपणा नाहीच्या बरोबर.

अशा कामांची बातमी होत नाही. नवा द्रव सापडला ही बातमी, तो पाण्याहून हळू आहे ही नव्हे. पुणे विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातही या आयन-जोड्यांतल्या हायड्रोजन बंधांची संगणकावर गणितं झाली आहेत. महाडहून पुणं वरंध घाटाने किती जवळ, आणि आमच्या कारखान्यांतल्या किती जणांना हे ठाऊक असेल? मला नोकरीत असताना नव्हतं.

*

वैशाखात राब भाजतात. पालापाचोळा, गवत, शेण पसरून पेटवायचं, त्या भाजल्या जागेत भाताचं रोप टाकायचं. वाडीभर धूर. जळतं ते मुख्यतः सेल्युलोज. भात झोडपल्यावर पेंढा उरतो, त्यातही सेल्युलोज. गुरांनी खाल्ला तर खाल्ला, उरलेला उडवीत सडतो किंवा जळतो.

सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजची लांबलचक माळ. प्रत्येक मण्याला तीन हायड्रॉक्सिल. साखर पाण्यात विरघळते ती हायड्रॉक्सिलमुळेच, मग ही साखरेची माळ का नाही विरघळत? कारण माळा एकमेकींना, शेजारी शेजारी, हजारो हायड्रोजन बंधांनी धरतात. पाण्याला एकेक बंध मोडता येतो, सगळे एकदम नाही. सुती सदरा भिजला की सुरकुततो आणि इस्त्रीला पाणी शिंपडावं लागतं, तेवढ्यापुरतीच पाण्याची मजल. वरचे, मोकळे बंध सुटतात आणि नव्या जागी जुळतात.

1934 मध्ये चार्ल्स ग्रॅनाकर यांनी एका वितळलेल्या पिरिडिनियम मिठात सेल्युलोज विरघळवण्याचं पेटंट घेतलं. वाल्डेनसारखंच, पुढे कुणी लक्ष दिलं नाही. 2002 मध्ये अमेरिकेत अलाबामा विद्यापीठात रॉबिन रॉजर्स यांच्या गटाने ब्यूटाइल-मिथाइल-इमिडाझोलियम क्लोराइड घेतलं. गरम करून वजनाने 10 टक्के सेल्युलोज विरघळलं, मायक्रोवेव्हमध्ये 25 टक्क्यांपर्यंत. यात सगळी करामत क्लोराइडची. पाण्यातला क्लोराइड आधीच पाण्याच्या रेणूंनी घेरलेला असतो, त्याला हात मोकळे नसतात. इथे पाणी नाही, म्हणून उपाशी क्लोराइड हायड्रॉक्सिलच्या हायड्रोजनवर तुटून पडतो, आणि माळा एकमेकींना सोडतात.

मला यातली पुढची गोष्ट जास्त आवडते. त्या द्रवात टक्काभरही पाणी शिरलं तर विरघळणं बिघडतं. आणि विरघळून झाल्यावर पाणी ओतलं की सेल्युलोज साका होऊन बाहेर, हवं तर धाग्याच्या रूपात. फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात याच तत्त्वावर, पण वेगळा द्रव वापरून, लाकडाच्या लगद्यापासून कापडाचा धागा काढतात. नाव आयनसेल.

आमच्या पेंढ्याचं तसं होईल का? पेंढ्यात सेल्युलोजबरोबर लिग्निन आहे, वाळू म्हणावी इतकी सिलिका आहे. शिवाय द्रव किलोला शेकड्यांनी नव्हे, हजारांनी रुपये. वापरलेला द्रव जवळपास पूर्ण परत मिळाल्याशिवाय हा व्यवहार बसत नाही, आणि परत मिळवायचा तर त्यात ओतलेलं सगळं पाणी आटवायचं. बॉयलरचं कोळशाचं बिल ज्याने बघितलं आहे त्याला ही कथा किती टन वाफेची आहे ते कळतं. राब एवढ्यात बंद होत नाही.

*

आंब्यावरच्या तांबड्या मुंग्या चावतात तेव्हा फॉर्मिक आम्ल सोडतात, हे इथल्या प्रत्येक पोराला अंगावर माहीत. अमेरिकेत घुसलेल्या दोन जातींच्या मुंग्यांत याहून मजेचं चालतं. एक जात अल्कलॉइडचं विष मारते. दुसरी जात लगेच स्वतःचं फॉर्मिक आम्ल अंगाला फासते. आम्लाचा हायड्रोजन विषाच्या नायट्रोजनकडे जातो, आणि तयार होतो तो दाट आयनिक द्रव. 2014 मध्ये हे छापून आलं, निसर्गात सापडलेला पहिला म्हणून. वाल्डेन यांच्या लेखाच्या शंभरीला मुंगीने गाठलं.

*

‘हिरवी’ रसायनं. या शब्दावर माझा राग आहे, म्हणून इथे थोडक्यात.

आयनिक द्रवांचं कौतुक झालं ते उडत नाहीत म्हणून. एमडीसीसारखा वास नाही, भडका नाही, कामगाराच्या नाकात काही जात नाही. खरं आहे. 2006 मध्ये काही द्रव फार कमी दाबाखाली ऊर्ध्वपातनाने वर काढता येतात असं दिसलं, पण कारखान्याच्या शेडमध्ये ते उडत नाहीत हे तरीही खरंच.

मात्र जे हवेत जात नाही ते पाण्यात जातं. सुरुवातीच्या आवडत्या द्रवांत हेक्झाफ्लुओरोफॉस्फेट असे. पाण्याशी गाठ पडून तापला की त्यातून हायड्रोजन फ्लुओराइड निघतं, काच खाणारं, आणि कातडीतून हाडापर्यंत जाणारं. रॉजर्स यांच्याच गटाने 2003 मध्ये हे स्पष्ट लिहिलं, हा त्यांचा मोठेपणा. शिवाय इमिडाझोलियमची शेपटी जितकी लांब, तितका तो साबणासारखा वागतो आणि पाण्यातल्या जिवांच्या पेशींच्या पडद्यात घुसतो.

सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपूरवरून महाडला येते आणि पुढे बाणकोटच्या खाडीत जाते. तिला काय काय प्यावं लागलं आहे ते इथल्या कोळ्यांना विचारावं. तिच्या काठची ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण केंद्र, चालवणाऱ्याला मी एवढंच म्हणेन: सॉल्व्हेंटला वास नाही म्हणजे गळती कळवायला नाक नाही. वासाच्या सॉल्व्हेंटची गळती पहारेकऱ्यालाही कळते. बिनवासाच्या मिठाची गळती कळायला नमुना घेऊन मोजावं लागतं. कोलीन आणि युरियाचं मिश्रण त्या मानाने सौम्य, दोन्ही जिवाणूंना खाता येतात. पण युरिया नदीत गेला तर तो खतच, शेवाळाला.

*

शेवटी एक कामाचं. आयनिक द्रवाचा दाटपणा, वितळणबिंदू, वीजवहन, कुठलाही आकडा वाचाल तेव्हा शेजारी दोन आकडे शोधा: पाणी किती आणि क्लोराइड किती. बेलफास्टच्या केनेथ सेडन यांनी दोन सहकाऱ्यांसह 2000 मध्ये दाखवून दिलं की बनवताना राहिलेलं थोडंसं क्लोराइड द्रवाला चांगलंच घट्ट करतं आणि हवेतून आलेलं थोडंसं पाणी चांगलंच पातळ करतं. म्हणजे तोवरचे बरेच छापील आकडे द्रवाचे कमी आणि प्रयोगशाळेच्या हवेचे जास्त होते. क्लोराइड हायड्रोजनला धरून ठेवतो, पाणी येऊन तो धरलेला हात सोडवतं. कार्ल फिशरच्या पद्धतीने पाणी मोजावं, क्लोराइडसाठी वेगळी चाचणी करावी, आणि दोन्ही आकडे वहीत त्याच ओळीत लिहावेत. आमच्याकडे जून ते सप्टेंबर हे काम करायचं तर कोरड्या नायट्रोजनचं सिलिंडर आधी मागवून ठेवावं, घाट बंद पडला की गाडी येत नाही.